कुऱ्हाड आणि क्रूस

बलिदान या कल्पनेत तीन पक्ष गृहीत धरलेले असतात : देणारा, घेणारा आणि जो दिला जातो तो. बलिदानाविषयी धर्मशास्त्रांनी आणि तत्त्वज्ञांनी जे विपुल लेखन करून ठेवले आहे, त्यात पहिल्या दोघांच्या हेतूंचा जेवढा खल सापडतो, तेवढा तिसऱ्याच्या मताचा क्वचितच सापडतो. मराठीत तर ‘बळी’ हा शब्द इतका सैल झाला आहे, की देवीपुढे कापलेला बोकड, पुरात वाहून गेलेली माणसे आणि सरहद्दीवर पडलेला सैनिक या सर्वांना तो सारखाच चालतो; आणि माणसे ‘बळी गेली’ असे म्हणताच, जणू ती आपल्या पायांनी चालत गेली असावीत तसा, त्यांना कोणी, कोणापुढे आणि कशासाठी दिले हा प्रश्न वाक्यातून नाहीसा होतो. ‘हुतात्मा’ हा शब्द याहून भारदस्त असला तरी त्याचेही मूळ यज्ञातच आहे, कारण ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले, आणि अर्पण केलेल्या वस्तूला आपल्या अर्पणाविषयी काय वाटते हे विचारण्याची पद्धत कोणत्याच यज्ञात नाही.

अर्पण केलेल्यानेच परत येऊन अर्पणाचा अर्थ नाकारला, तर त्या अर्थावर उभ्या राहिलेल्या धर्माचे, राष्ट्राचे आणि क्रांतीचे काय होईल, हा प्रश्न विसाव्या शतकात मेक्सिकोच्या एका चित्रकाराने इतक्या थेट रीतीने मांडला, की धर्मशास्त्राच्या ग्रंथांत त्याला तोड मिळणे अवघड आहे. होसे क्लेमेन्ते ओरोस्को (१८८३–१९४९) हा दिएगो रिवेरा आणि दाविद आल्फारो सिकेरोस यांच्यासह मेक्सिकन भित्तिचित्रकलेच्या त्रिमूर्तीत गणला जातो, पण या त्रिमूर्तीत तो नेहमीच थोडा बाजूला उभा असल्यासारखा दिसतो. रिवेराच्या भिंतींवरचा इतिहास कोठेतरी निघालेला असतो आणि शेवटी पोहोचतोही. सिकेरोस तर चित्रकार जितका तितकाच साम्यवादी पक्षाचा कार्यकर्ता होता. ओरोस्कोचा मात्र चर्चवर जितका विश्वास नव्हता तितकाच पक्षावरही नव्हता. त्याला ‘धर्मविरोधी’ म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षकांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण ज्याला धर्माशी काही देणेघेणे नाही असा माणूस वीस वर्षांच्या अवधीत तीन वेळा एकच ख्रिस्त रंगवत नाही.

त्याच्या माध्यमाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या प्रश्नाचा त्या माध्यमाशी संबंध आहे. ‘फ्रेस्को’ या पद्धतीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले जातात, आणि गिलावा वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा घट्ट होतो तेव्हा रंगाचे कण त्यातच अडकून राहतात. चित्र भिंतीवर बसलेले नसते, ते भिंतच झालेले असते. यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा असतो, आणि चूक झाली तर पुसण्याची सोय नसून तेवढा भाग खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. १९२९ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात ओरोस्कोने भित्तिचित्राला चित्रकलेचे सर्वांत उच्च आणि शुद्ध रूप म्हटले, त्याचे एक कारण असे दिले की ते कोणाच्या खासगी लाभाची वस्तू होऊ शकत नाही आणि मोजक्या भाग्यवंतांसाठी दडवूनही ठेवता येत नाही. स्पॅनिश राजवटीत मिशनरी साधूंनी मेक्सिकोच्या मठांच्या भिंती नेमक्या याच कारणासाठी रंगवून घेतल्या होत्या, आणि मेक्सिकन क्रांतीनंतरच्या सरकारनेही शाळा आणि कचेऱ्यांच्या भिंती याच कारणासाठी चित्रकारांना दिल्या, हा योगायोग नव्हे. ज्याला लोकांच्या मनात एखादे बलिदान कोरायचे असते त्याला भिंत लागते.

ओरोस्कोचा जन्म हालिस्को प्रांतातील सापोत्लान एल ग्रान्दे या गावी झाला आणि बालपणीच तो मेक्सिको शहरात आला. शाळेच्या वाटेवर होसे ग्वादालूपे पोसादा या खोदचित्रकाराचे काम रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीतून दिसत असे, आणि तेथे उभे राहून पाहिलेल्या त्या कामाला तो आपल्या चित्रकलेची पहिली जाग मानत असे. पोसादाचे हसणारे, नाचणारे, टोप्या घातलेले सांगाडे पुढे ओरोस्कोच्या भिंतींवर आले ते मात्र हसू विसरून आले. शेतकी शाळेतले शिक्षण, त्यानंतर तरुणपणी बंदुकीच्या दारूच्या स्फोटात गमावलेला डावा हात आणि अधू झालेली दृष्टी, सान कार्लोस अकादमीतील अभ्यास, हे सर्व त्याच्या चरित्रकारांनी तपशिलाने सांगितले आहे. लोकांना तो हात क्रांतीच्या लढाईत गेला असावा असे वाटत राहिले आणि ओरोस्को आपल्या आत्मचरित्रात (१९४५) ती समजूत कोरडेपणाने खोडून काढतो, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली तरी तशी नाही : न केलेल्या बलिदानाचे श्रेय घेण्यास त्याने दिलेला तो नकार होता.

१९१५ साली, क्रांतीच्या सर्वांत रक्तरंजित काळात, तो ओरिसाबा या गावी कारान्सा या क्रांतिनेत्याच्या गटाच्या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढत होता. तेथे त्याने चर्चची लूट पाहिली, जखमींनी खच्चून भरलेल्या आगगाड्या पाहिल्या, कैद्यांना गोळ्या घातल्या जाताना पाहिले, आणि पुढे या साऱ्याचे वर्णन करताना क्रांतीला त्याने एखाद्या जत्रेची कडवट उपमा दिली. क्रांतीत मेलेल्यांना सरकारने शहीद केले, त्यांच्या नावाने निवडणुका जिंकल्या आणि जमिनी वाटल्या, आणि काही जमिनी वाटल्या नाहीत त्याही त्यांच्याच नावाने. देवाच्या वेदीवरून उतरवलेला बळी राष्ट्राच्या वेदीवर चढवला गेला, वेदी मात्र जागची हलली नाही, ही जाणीव ओरोस्कोच्या प्रौढ कामाच्या मुळाशी आहे.

शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांच्या योजनेतून १९२३ साली सान इल्देफोन्सो या जुन्या जेझुइट वास्तूत भरणाऱ्या राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालयाच्या भिंती त्याच्याकडे आल्या. या पहिल्या चित्रमालिकेतच क्रूस तोडणारा ख्रिस्त होता. सनातनी विद्यार्थ्यांनी १९२४ साली चित्रांवर हल्ला केला, काम बंद पडले, आणि १९२६ साली परत आल्यावर ओरोस्कोने स्वतःच आधीची बहुतेक चित्रे काढून टाकून तेथे नवी रंगवली. त्या ख्रिस्ताच्या जागी ‘संप’ हे चित्र आले, पण जुन्या चित्रातले ख्रिस्ताचे मस्तक त्याने तेवढे राखले, त्यामुळे आज तेथे कामगारांच्या लाल निशाणाच्या वर, स्वतःचे धड आणि स्वतःची कृती दोन्ही गमावलेला एक चेहरा दिसतो. विद्यार्थ्यांनी जे अर्धवट नासवले ते चित्रकाराने पूर्ण नाहीसे का केले, याचा कलात्मक खुलासा सोपा आहे, कारण नवी चित्रे निःसंशय अधिक चांगली आहेत. तरीही क्रूसमोडीचे चित्रच मोडले गेले आणि मोडणाऱ्याचा फक्त चेहरा उरला, यातील विचित्र सुसंगती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

याच वास्तूत दोन चित्रे अशी आहेत की ती जवळून पाहिली पाहिजेत. ‘त्रिमूर्ती’ या चित्राचे नाव ख्रिस्ती ‘ट्रिनिटी’वरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच ईश्वराच्या तीन रूपांच्या सिद्धान्तावरून घेतलेले आहे, पण भिंतीवर शेतकरी, सैनिक आणि कामगार आहेत. मधल्या सैनिकाच्या हातात बंदूक आहे आणि लाल कापड डोळ्यांवर ओढले गेल्यामुळे त्याला काही दिसत नाही. शेतकरी गुडघे टेकून हात जोडतो आहे. कामगाराचे दोन्ही हात तोडलेले आहेत. क्रांतीचे सहा हात मोजायला गेले तर दोन प्रार्थनेत, दोन बंदुकीवर आणि दोन नाहीतच, असा हा हिशेब आहे, आणि तो अशा चित्रकाराने मांडला आहे ज्याला एक हात नव्हता. दुसऱ्या चित्रात झग्यातला धिप्पाड फ्रान्सिस्कन साधू अस्थिपंजर झालेल्या नग्न आदिवासीवर वाकून त्याला कवेत घेतो. ही करुणा आहे की गुदमरवणे, हे ठरवता येत नाही. साधूचा चेहरा खरोखरच प्रेमाचा आहे, आणि त्या मिठीतून सुटण्याइतकी ताकद आदिवासीच्या हातांत नाही. निव्वळ धर्मविरोधी चित्रकाराने हा चेहरा असा रंगवला नसता. पण प्रेम खरे असले म्हणून ज्याच्यावर ते केले जाते त्याला विचारण्याची गरज संपते का, हा प्रश्न मिठीच्या आत ठेवूनच त्याने तो रंगवला आहे.

बाहेर १९२६ सालीच या प्रश्नाने रक्ताचे रूप घेतले. राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी चर्चविरोधी कायदे कडकपणे राबवायला सुरुवात केल्यावर पश्चिम मेक्सिकोत, विशेषतः ओरोस्कोच्या जन्मप्रांतात, ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ अशी घोषणा देत श्रद्धाळू शेतकरी शस्त्र घेऊन उठले. १९२६ ते १९२९ या काळातील हा संघर्ष ‘क्रिस्तेरो युद्ध’ म्हणून ओळखला जातो. २३ नोव्हेंबर १९२७ रोजी मिगेल प्रो या जेझुइट धर्मगुरूला मेक्सिको शहरात खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या, तेव्हा त्याने दोन्ही हात पसरून आपल्या शरीराचाच क्रूस केला, आणि दहशत बसावी म्हणून सरकारने त्या क्षणाची जी छायाचित्रे काढवून घेतली तीच पुढे श्रद्धाळूंची पूज्य चित्रे झाली. त्या दिवशी ओरोस्को चव्वेचाळीस वर्षांचा झाला. पुढच्याच महिन्यात तो न्यूयॉर्कला निघून गेला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधणे अनाठायी ठरेल. एवढे मात्र खरे, की तो ज्या देशातून निघाला तेथे दोन्ही बाजूंकडे हुतात्मे होते आणि दोन्ही बाजूंची खातेवही त्यांच्याच रक्ताने लिहिली जात होती.

न्यूयॉर्कमध्ये त्याला आधार मिळाला तो आल्मा रीड या पत्रकार स्त्रीचा आणि तिच्या घरी भरणाऱ्या मंडळाचा. ग्रीसमधील डेल्फी येथे प्राचीन उत्सवांचे पुनरुज्जीवन करणाऱ्या एव्हा पामर-सिकेलियानोस यांच्या प्रेरणेने जमलेल्या या मंडळाच्या जागेला ‘आश्रम’ असेच नाव होते, आणि १९२८–२९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेल्या सरोजिनी नायडूही तेथे येऊन गेल्या. १९३० साली, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, न्यू स्कूल या संस्थेच्या भोजनगृहात काम सुरू करून ओरोस्कोने जी भित्तिचित्रे १९३१च्या आरंभी पूर्ण केली, त्यांत गांधीजी बसलेले आहेत. चित्र म्हणून ही मालिका त्याच्या दुबळ्या कामांपैकी आहे. भूमितीच्या एका ठरीव सूत्रात आकृती बसवण्याच्या हट्टामुळे माणसे पुतळ्यांसारखी ताठरली आहेत. बलिदानाच्या प्रश्नाच्या दृष्टीने मात्र गांधीविचाराशी झालेली ही भेट महत्त्वाची आहे, कारण दुःख दुसऱ्यावर न लादता स्वतः सोसायचे आणि त्या सोसण्याने प्रतिपक्षाचे मन बदलायचे, ही गांधीजींची भूमिका म्हणजे बळीनेच बलिदानाचा कर्ता होण्याची भूमिका आहे. १९३१ सालच्या डिसेंबरमध्ये गांधीजी रोमला गेले, तेथे क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती पाहून त्यांचे डोळे भरून आले, आणि व्यक्तींप्रमाणे राष्ट्रेही क्रूसाच्या यातनेतूनच घडतात असा विचार त्यांनी त्या अनुभवातून मांडला. त्यानंतर काही महिन्यांतच ओरोस्कोने डार्टमथ महाविद्यालयात काम सुरू केले आणि त्या कामाच्या शेवटी क्रूस आडवा झाला.

न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर गावी, डार्टमथच्या बेकर ग्रंथालयाच्या तळमजल्यावरील वाचनकक्षात १९३२ ते १९३४ या काळात रंगवलेली ‘अमेरिकन संस्कृतीचे महाकाव्य’ ही चोवीस चित्रांची मालिका सुमारे ३,२०० चौरस फूट पसरलेली आहे. येथे ‘अमेरिका’ म्हणजे संपूर्ण खंड अभिप्रेत आहे, आणि मालिकेचे दोन भाग एकमेकांना प्रतिध्वनी दिल्यासारखे रचले आहेत : एका भागात स्पॅनिश आक्रमणापूर्वीचा काळ आहे, दुसऱ्यात नंतरचा, एकात केत्साल्कोआत्ल हा पंख असलेल्या सर्पाच्या रूपातला ज्ञानदाता देव येतो आणि लोकांच्या कृतघ्नतेमुळे निघून जातो, दुसऱ्यात हर्नान कोर्तेस येतो आणि त्याच्यासोबत क्रूस येतो. एका भागात ‘प्राचीन नरबळी’ आहे, दुसऱ्यात ‘आधुनिक नरबळी’, आणि मालिकेचा खरा युक्तिवाद या जोडीत आहे.

प्राचीन मेक्सिकोत नरबळीला जे शब्द होते त्यांपैकी ‘नेश्त्लावाल्ली’ हा नावात्ल भाषेतील शब्द विशेष बोलका आहे, कारण त्याचा अर्थ ‘ऋणफेड’ असा आहे. देवांनी स्वतःला अर्पण करून सूर्याला गती दिली, म्हणून माणूस त्यांचा ऋणी आहे आणि ते ऋण रक्तानेच फिटते, अशी त्यामागची धारणा होती. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो हे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला जन्म म्हणजे कर्ज ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. ज्या धर्माने नरबळीला सैतानी ठरवून मेक्सिकोची मंदिरे पाडली, त्या ख्रिस्ती धर्माच्या पाश्चात्त्य शाखेत तरी वधस्तंभाचा अर्थ याहून फार वेगळ्या भाषेत लावला गेला होता असे नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस कॅंटरबरीचा आर्चबिशप संत ॲन्सेल्म याने असा सिद्धान्त मांडला, की पापामुळे ईश्वराच्या प्रतिष्ठेची जी हानी झाली ती भरून देणे हे माणसाचे देणे आहे, पण ते फेडण्याची ऐपत माणसात नाही. म्हणून देणे माणसाचे आणि ऐपत ईश्वराची असा दोन्ही स्वभावांचा ख्रिस्त ते आपल्या मृत्यूने फेडतो. दोन धर्मांत भेद उघड आहेत, आणि सर्वांत मोठा भेद हा, की ख्रिस्ती मते हे अर्पण एकदाच झाले आणि पुन्हा व्हायचे नाही. परंतु दोहोंतही विश्वाच्या मुळाशी एक खातेवही आहे, तिच्यात एक थकबाकी आहे आणि ती एका शरीराने चुकती होते.

‘आधुनिक नरबळी’त ओरोस्कोने या वहीचा तिसरा मालक दाखवला आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, लंडन आणि पॅरिस येथे ‘अनाम सैनिका’ची समाधी बांधण्याची प्रथा सुरू झाली, म्हणजे ओळख न पटलेल्या एका सैनिकाचे शव सर्व मृतांचे प्रतीक म्हणून राजसन्मानाने पुरायचे, पॅरिसच्या समाधीवर १९२३ पासून अखंड ज्योतही तेवते आहे. ओरोस्कोच्या चित्रात निशाणांचे भडक रंग, पुष्पचक्रे, बँडची पितळी वाद्ये, भाषण करणारा वक्ता आणि ज्योत असा सगळा समारंभ आहे. त्याखालून सैनिकाच्या हातांची हाडे बाहेर आली आहेत. संपूर्ण मालिकेत सर्वांत आनंदी रंग याच चित्रात वापरलेले आहेत. प्राचीन बळीला निदान चेहरा होता, तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या देवासाठी मरतो हे पाहणाऱ्यांना ठाऊक होते. या बळीचे अनाम असणे हीच त्याची पात्रता आहे, कारण ज्याला नाव नाही त्याच्या तोंडी कोणताही हेतू घालता येतो. याच मालिकेतले आणखी एक चित्र विद्वानांसाठी आहे : पदवीदानाचे झगे घातलेले सांगाडे ओळीने उभे आहेत आणि ग्रंथांच्या राशीवर पडलेल्या एका सांगाड्याच्या पोटून सांगाड्याच्याच अर्भकाचा जन्म होतो आहे. हे चित्र विद्यार्थी ज्या खोलीत अभ्यासाला बसत तेथेच रंगवू देणाऱ्या महाविद्यालयाच्या सहनशीलतेचे कौतुक करावे, की त्याला ते आपल्याविषयी आहे असे वाटलेच नसावे असा तर्क करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यानंतर येते ‘आत्म्याचे आधुनिक स्थलांतर’. प्रचंड आकाराचा ख्रिस्त समोर सरळ पाहत उभा आहे, त्याच्या हातात कुऱ्हाड आहे आणि तोडलेला क्रूस पायाशी पडला आहे. मागे शस्त्रास्त्रांचा आणि मोडक्या देवतांचा ढीग रचलेला असून त्यात ग्रीक स्तंभ आहे आणि बुद्धही आहे. या ख्रिस्ताच्या शरीरावरून चामडी सोलल्यासारखे पिवळे, लाल, हिरवट पट्टे उठले आहेत. मेक्सिकोची जुनी दैवते ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला येथे शिपे तोतेक, म्हणजे ‘सोललेला आमचा स्वामी’, या देवाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्या वसंतातील उत्सवात पुरोहित बळीची कातडी अंगावर पांघरत, आणि त्या कातडीआडून नवे जीवन उगवते असे मानले जाई. ओरोस्कोच्या मनात हे होते की नव्हते याचा निर्णय देणे शक्य नाही, आणि चित्रांचे अर्थ सांगण्याविषयी त्याला जी चीड होती ती पाहता (१९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने छापलेल्या पत्रकात त्याने ‘स्पष्टीकरण’ या शीर्षकाखाली स्पष्टीकरणाचीच थट्टा केली होती) तो निर्णय त्याने दिलाही नसता. पण चित्राला तो अर्थ पेलतो : ज्याची कातडी इतरांनी शतकानुशतके पांघरली, तो आता ती परत मागायला आला आहे.

यावर श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाचा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. क्रूस ही कर्जफेड नसून प्रेमाची पराकाष्ठा आहे, असे म्हणणारी परंपरा ख्रिस्ती धर्मात ॲन्सेल्मच्या सिद्धान्ताइतकीच जुनी, किंबहुना अधिक जुनी आहे, आणि बाराव्या शतकात पीटर ॲबेलार्डने त्या सिद्धान्तावर जवळजवळ याच मुद्द्यावरून टीका केली होती : निरपराधाच्या रक्ताची किंमत मागणारा ईश्वर न्यायी कसा? या परंपरेच्या दृष्टीने ख्रिस्ताने मृत्यू स्वेच्छेने पत्करला, तो कोणी दिलेला बळी नव्हता, तेव्हा त्याने क्रूस तोडणे म्हणजे आपले प्रेम मागे घेणे ठरेल. हा आक्षेप ख्रिस्ताला लागू पडतो. परंतु ओरोस्कोच्या मालिकेत ख्रिस्त एकटा नाही, त्याच्या अलीकडे अनाम सैनिक आहे, आणि ज्याला स्वेच्छेचा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही अशा माणसाच्या मृत्यूला जेव्हा ख्रिस्ताच्या मृत्यूची उपमा देऊन पवित्र केले जाते, तेव्हा ती उपमा मोडण्याचा अधिकार उपमानाला असावा, असे चित्राचे म्हणणे दिसते. क्रूस तोडणारा ख्रिस्त आपले प्रेम मागे घेत नाही. त्या प्रेमाचा दाखला देऊन इतरांचे रक्त मागण्याचा परवाना तो रद्द करतो. दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो अधिक अवघड आहे : बलिदानाचा अर्थ काढून घेतला तर मेलेल्यांच्या आप्तांच्या हाती काय उरते? क्रूसाचा अर्थ गेला तर दुःख तेवढेच राहते आणि निरर्थक होते. या आक्षेपाला डार्टमथच्या भिंतीवर उत्तर नाही, आणि नाही म्हणूनच ती भिंत प्रामाणिक वाटते.

उत्तर नसले तरी एक वेगळी वाट ओरोस्कोने आधीच शोधायला घेतली होती. १९३० साली कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयाच्या भोजनगृहात, टोकदार कमानीखाली, त्याने प्रॉमिथियस रंगवला होता, म्हणजे स्वर्गातील अग्नी माणसांसाठी चोरणारा आणि त्यासाठी झ्यूसची शिक्षा भोगणारा ग्रीक पुराणातील तितान. तेथे तो आगीत हात घालताना दिसतो, आणि ज्यांच्यासाठी ती आणली ते लोक खाली गर्दी करून आहेत, काही हात उंचावून, काही तोंड फिरवून. हे दुःख कोणत्याही खात्यावर मांडता येत नाही, कारण ते कोणाचे देणे नव्हते आणि घेणाऱ्यांनाही ते हवे होते असे नाही. स्वतःहून दिलेले आणि कोणतीही फेड न करणारे असे दान ‘बलिदान’ या शब्दात बसते का, याचा विचार पोमोनात सुरू झाला आणि नऊ वर्षांनी ग्वादालाहारात त्याने टोक गाठले.

ग्वादालाहाराची ‘ओस्पिसियो काबान्यास’ ही वास्तू एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिशप काबान्यास यांनी अनाथ, वृद्ध आणि निराधारांसाठी उभारली. १९३८–३९ मध्ये ओरोस्को तेथील जुन्या प्रार्थनामंदिरात काम करत होता तेव्हा आवारात अनाथ मुले राहत होती, आणि १९८०पर्यंत राहत होती. सत्तावन्न फ्रेस्कोंपैकी बहुतेक भीषण आहेत : लोखंडी यंत्रासारखा कोर्तेस, यंत्राचा घोडा, साधूच्या हातात तलवारीसारखा धरलेला क्रूस. हे सर्व खाली सोडून नजर घुमटात गेली की तेथे एक माणूस पेटलेला आहे. घुमटाच्या कडेने तीन करड्या आकृत्या पसरल्या आहेत, त्यांना बहुधा पृथ्वी, जल आणि वायू मानले जाते, आणि त्यांच्या मधून चौथी आकृती ज्वाळा होऊन वर निघाली आहे. तिची पावले पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ आणि मस्तक सर्वांत दूर अशा आखूड केलेल्या दृष्टिकोनात ती रंगवली असल्याने, घुमट नीट पाहायचा तर प्रेक्षकांना तेथे ठेवलेल्या बाकांवर उताणे पडावे लागते.

‘अग्निपुरुष’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या आकृतीला प्रॉमिथियस म्हणण्याचा प्रघात आहे, पण तिच्याजवळची कथा मेक्सिकोचीच आहे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगून या फ्रान्सिस्कन साधूने नावात्ल वृद्धांकडून लिहवून घेतलेल्या वृत्तान्तानुसार, जगात सूर्य नव्हता तेव्हा देव तेओतिवाकान येथे जमले आणि आगीत उडी घेऊन सूर्य कोण होणार असे विचारू लागले. श्रीमंत देवाने मौल्यवान पिसे आणि सोने अर्पण केले, चार वेळा आगीपर्यंत गेला आणि चारही वेळा मागे फिरला. नानावात्सिन हा अंगावर फोड आलेला, गरीब देव होता, त्याच्याजवळ धुपाच्या जागी अर्पण करायला आपल्या जखमांच्या खपल्याच होत्या, आणि तो डोळे मिटून एकदाच धावला. सूर्य उगवला, पण जागच्या जागी डुलत राहिला, म्हणून बाकीच्या देवांनाही मरावे लागले, आणि माणसाच्या डोक्यावरचे कर्ज तेथून सुरू झाले. पुढच्या सर्व शतकांतील ऋणफेड त्या दुसऱ्या घटनेची आहे. पहिल्या उडीच्या क्षणी मात्र कोणी कोणाचे काही देणे लागत नव्हते.

ओरोस्कोने घुमटात तेवढाच क्षण घेतला आहे. तेथे वेदी नाही, पुरोहित नाही, सूर्यही अजून नाही. १९४३ साली त्याने क्रूस तोडणारा ख्रिस्त पुन्हा एकदा, या वेळी कॅनव्हासवर, रंगवला, त्यावरून घुमटाने प्रश्न मिटवला नव्हता हे स्पष्ट होते. पेटलेल्या माणसाने ही आग स्वतः निवडली की त्याला तिच्यात लोटले, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळले असते. पण खालून, बाकावर पडून पाहताना, त्या दूर गेलेल्या चेहऱ्यावरचे भाव वाचता येत नाहीत, आणि पावले तेवढी स्वच्छ दिसतात.